खिळ्यावरचा नान

या, असे लांब भिंतीला टेकून बसू नका, जेवणाच्या कापडाजवळ, दस्तरखानाजवळ सरका. चहा ओतलाय, निवायच्या आत घ्या. एक गोष्ट सांगायची आहे. राजाची नाही, राणीची नाही. एका मुलीच्या हाताची आहे. जन्मभर पुढं होत आलेला तो हात एके दिवशी नानापासून मागं सरकला. सगळं ऐकून घ्या आणि मग तुम्हीच सांगा, देवाच्या दानाचा त्यात अपमान झाला की मान राहिला.

हात मागं सरकला तो ताश्कंदात, चोरसूच्या बाजारात, पायऱ्यांच्या वरच्या अंगाला. तिथं नानवाल्या बायका जुन्या बाबागाड्यांत गरम नान रचून, वर गोधडी पांघरून उभ्या असतात. मुहय्यो तांदळाची पिशवी घेऊन चालली होती. थंडीनं नाक बधिर झालं होतं, तरी नानाचा वास त्यातूनही आत शिरलाच; भाजलेल्या तिळांचा, तंदूरच्या मातीचा, घरच्या अंगणाचा वास. एका बाईनं गोधडी उचलली, नान मोडला आणि वाफाळता तुकडा तिच्यापुढं धरला. “घे गं पोरी, चव तर बघ. विकत नको घेऊस हवं तर.” आणि मुहय्योचा हात, तिनं काही ठरवायच्या आत, चटका बसल्यासारखा कोटाच्या बाहीत गेला. बाईचा हात तसाच पुढं. वाफ दोघींच्या मधे. “अगं, विष आहे का त्यात?” बाई हसत हसतच म्हणाली. शेजारच्या दोघी-तिघी हसल्या. मुहय्योला हसता आलं नाही, “नाही” म्हणता आलं नाही, तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल याचा भरवसा वाटेना. ती भराभरा पायऱ्या उतरली. खाली आल्यावर तिच्या लक्षात आलं, बाहीतला हात अजून मुठीतच आहे.

विष. बाईनं सहज म्हटलं. पण सकाळी दवाखान्यात हिरव्या भिंतीच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं होतं, ते न उच्चारता त्याच शब्दापाशी येऊन थांबलं होतं. बाई दमलेल्या होत्या, बोलताना कपाळ चोळत होत्या. “घाबरण्यासारखं नाही. तुझ्या आतड्यांना गहू सोसत नाही. आजपासून गहू बंद, जव बंद.” मुहय्योनं विचारलं, “बरं वाटेपर्यंत?” बाईंनी कपाळावरचा हात काढला आणि पहिल्यांदाच तिच्याकडं नीट पाहिलं. “कायमचा, बेटा.” तेव्हा मुहय्योनं शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान हलवली होती. हा आजार तर आम्हाला दुसऱ्या सत्रात शिकवणार आहेत, असला काहीतरी वेडगळ विचारही तिच्या मनात येऊन गेला होता. बाहेर पडून बसची वाट बघताना, तांदूळ मोजून घेताना ती अगदी शांत होती. कळलं ते हाताला. डोक्याच्या आधी हाताला कळलं, आणि त्यानं एका परक्या बाईसमोर तिला उघडं पाडलं. आपण कुणाच्याही दारावरून जाताना आत जेवण चाललं असेल तर थांबतो, घाईत असलो तरी कोपऱ्यातला एवढासा तुकडा मोडून तोंडात टाकतो, मगच पुढं जातो. नान कुणी पालथा ठेवत नाही. खाली पडलेला तुकडा उचलून ओठांना लावतो, कपाळाला लावतो. हे कुणी तिला शिकवलं नव्हतं. चालायला जसं कुणी शिकवत नाही तसं. आणि आता हे सगळं अंगातून उपटून काढायचं. कुठून धरायचं? मूळ कुठल्या बाजूला आहे?

शरद ऋतूत कॉलेज सुरू झालं तेव्हापासूनच अंग तिचं राहिलं नव्हतं. वैद्यकीचं पहिलं वर्ष म्हणजे हाडं. टेबलावर हाडं मांडलेली, शिक्षक छडीनं दाखवणार, नाव घेतलं की उभं राहून लॅटिनमध्ये सांगायचं. मार्गिलानजवळच्या गावात शाळेत पहिली येणारी मुहय्यो इथं उभी राहायची आणि जीभ टाळूला चिकटायची. पोटात कुणीतरी ओला कपडा पिळावा तसं व्हायचं. मग बाहेर धावायचं. मागून हसू. केस कंगव्यात यायला लागले, बोटातली आईची अंगठी सैल होऊन एकदा नळाखाली वाहून जाता जाता वाचली, जिने चढताना गुडघे म्हाताऱ्या बाईचे झाले. वसतिगृहात सगळ्यांकडे उत्तर तयार होतं. खोलीतली इनोबत तर ख्वारेझमची, आवाज असा की तीन मजले ऐकावेत. ती म्हणायची, “अगं, पहिल्या वर्षाला सगळ्यांचंच पोट बिघडतं. माझी चुलतबहीण तर परीक्षेच्या हॉलमध्येच ओकली होती. आज दात काढते लोकांचे, ऐटीत!” आणि खरंच, कुणाची झोप उडाली होती, कुणाचं तोंड फोडांनी भरलं होतं, एक मुलगी तर सकाळी उठून रोज घरी जायची पिशवी भरायची आणि संध्याकाळी रिकामी करायची. त्यामुळं मुहय्योही धरून चालली होती, आपण भित्री आहोत. बाकीच्यांना भीती एका वर्षात सोडून जाईल, आपल्याला जरा जास्त धरून बसली आहे, एवढंच.

आईला फोनवर आवाजावरून कळलं. ओयी म्हणजे तिची आई. वडील रशियात बांधकामावर, वर्षाकाठी एकदा येणारे, तेव्हा घर म्हणजे ओयीच. ओयी म्हणाली, “तिथल्या बाजारच्या पिठाला सत्त्व नाही. मी पाठवते.” आणि दर आठवड्याला वस्तीच्या नाक्यावरून सुटणाऱ्या भाड्याच्या मोटारीतून घरचे नान यायला लागले. पांढऱ्या कापडात बांधलेले, तूप घालून पदर पाडलेले, मधोमध ओयीच्या ठशानं उमटवलेली फुलं. चालक ओरडायचा, “मुहय्यो बहीण, तुमचं औषध आलं!” मुहय्यो ते चहात बुडवून खायची, उशाशी ठेवून खायची, भूक नसताना खायची, कारण घासागणिक ओयीचं पीठ लागलेलं मनगट दिसायचं. ती जितकी वाळत गेली तितके नान वाढत गेले, आणि जितके नान वाढले तितकी ती वाळत गेली. आमच्या लोकांना आजारी माणसाला याहून चांगलं काय देता येणार? आता चोरसूच्या पायरीखाली उभी राहून तिनं हा हिशेब पहिल्यांदा पुरा लावला आणि तिला वाटलं, आपण मधेच कुठंतरी बसून घ्यावं. ते विष ओयीनं भरवलं होतं. ओयीनं स्वतःच्या हातानं, बिस्मिल्ला म्हणत म्हणत. हे ओयीला कोण सांगणार?

रागाला जागा हवी होती. आधी तो डॉक्टरीणबाईंवर गेला, मग इनोबतवर, मग भुयारी रेल्वेत समोर बसून समोशासारखा सामसा खाणाऱ्या एका निरुपद्रवी म्हाताऱ्यावर. शेवटी तो वर गेला. तूच दिलंस ना हे अन्न, तूच पवित्र केलंस, आणि तूच माझ्या ताटातून काढून घेतलंस? मग मला सांग, मी तुझ्यापुढं कशाला कपाळ लावू? असं तिनं देवाशी सरळ भांडण काढलं, आडपडदा न ठेवता. तिला त्याची भीती वाटली नाही. लहानपणापासून हाफिझा ओतिनच्या पदराला धरून बायकांच्या बैठकींत वाढलेली ती. हाफिझा गल्लीतली ओतिन, म्हणजे कथेकरीण. लग्नाच्या, मयताच्या, नवसाच्या बैठकीत बायकांच्या मधोमध बसून देवाच्या भक्तांच्या कथा गाऊन सांगायची. मध्येच गाणं थांबवून अशी काही बोलायची की बायका हसून हसून डोळे पुसायच्या, आणि पुसता पुसता खरंच रडायला लागायच्या. तिच्या कथांतले भक्त देवाशी भांडायचे. रुसायचे. “भांडतो तो दाराशी उभा असतो,” ओतिन सुरात सांगायची, “पाठ फिरवून गेलेला कशाला भांडेल?” तो आवाज गाडीच्या खडखडाटात मुहय्योच्या कानात आला, जाडसर, मध्ये थोडा चिरलेला, आणि त्याच्यामागोमाग ते आलं, जे सकाळपासून ती दूर ढकलत होती. खिळ्यावरचा नान.

ऑगस्टातली सकाळ. पिशव्या दारात. ओयीनं तंदूरमधून पहिला नान काढला आणि हाफिझा ओतिननं तो हातात घेऊन मुहय्योपुढं धरला. “चाव. मोठा घास घे.” तोल्किन आका, तिचा थोरला भाऊ, हसला होता. “ओतिन, हे मुलांचं असतं. लष्करात जाणाऱ्यांचं. ही काय बंदूक उचलणार आहे?” ओतिन म्हणाली, “ही माणसाची हाडं उचलणार आहे. बंदुकीपेक्षा जड असतात.” गल्लीत आजवर कुठल्या मुलीसाठी नान टांगला नव्हता. मुहय्योनं घास घेतला, जीभ भाजली, डोळ्यांत पाणी आलं ते भाजल्याचं की कशाचं ते कुणी विचारलं नाही. उरलेला नान ओतिननं गाऊन मंतरला, प्रवाशाची दुवा म्हटली, आणि ओयीनं तो पाहुण्यांच्या खोलीत खिळ्याला लावला. तुझा घास इथं राहिला, आता परत येऊन तो पुरा केल्याशिवाय सुटका नाही. माणूस अन्नाला बांधलेला असतो, असं आम्ही मानतो. कुठंही जाऊ दे, आपला घास त्याला ओढून आणतो. तेव्हापासून रोज रात्री झोपण्याआधी मुहय्यो मनानं त्या खोलीत जाऊन यायची. त्या चावलेल्या कडेला हात लावून यायची. आणि आता हिवाळ्याच्या सुटीत घरी गेल्यावर तो खाली उतरवतील, चहात भिजवतील, आणि सगळे तिच्या तोंडाकडं बघत बसतील.

इनोबतला तिनं सांगितलं ते कोट न काढताच. इनोबत जमिनीवर बसून बटाटे सोलत होती. “म्हणजे नान अजिबात नाही?” “नाही.” “मांती?” “नाही.” “लाघमान?” “इनोबत, त्यातल्या शेवया पिठाच्याच असतात.” इनोबतनं सुरी खाली ठेवली. “पलाव?” “तांदूळ चालतो.” “या अल्ला!” इनोबत किंचाळली, “मग तू रडतेस कशाला? मला वाटलं पलाव बंद झाला!” मुहय्यो हसली. हसता हसता तोंडावर हात धरून रडली. इनोबत उठली, आपले सगळे नान गोळा करून खिडकीच्या पलीकडच्या फळीवर ठेवले, सुरी गरम पाण्यानं धुतली, आणि नखांना लावायच्या लाल रंगानं दोघींच्या तव्यांपैकी चांगल्या तव्याच्या मुठीवर मुहय्योच्या नावाचं मोठं अक्षर काढलं. “हा तुझा. माझ्या नानाचा वारासुद्धा याला लागू देणार नाही. आणि कुणी लावलाच तर माझ्याशी गाठ आहे.” दुसऱ्या दिवशी ती बाजारातून मक्याचं पीठ घेऊन आली. मुहय्योनं ते गरम पाण्यात मळून तव्यावर थापलं. जाडी, भेगाळलेली, कडा जळलेली भाकरी झाली. जुन्या दुष्काळात म्हातारी माणसं खायची तसली. इनोबतनं एक तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटून चावत राहिली आणि म्हणाली, “भिंतीचं प्लास्टर याहून मऊ असतं. आणखी दे.”

नानाला नाही म्हणणं शिकायला हाडं शिकण्याहून वेळ लागला. खानावळीत वरच्या वर्गातला एक मुलगा नान मोडून सगळ्यांपुढं ठेवत आला. मुहय्योपुढं ठेवला. “मला चालत नाही,” ती म्हणाली. “राजधानीत आली आणि नानाला नाही म्हणायला लागली,” मुलगा म्हणाला, “उद्या पाण्यालाही नाही म्हणशील.” आधीची मुहय्यो असती तर बाहेर पळाली असती, नाहीतर भिडेपोटी खाल्ला असता. या मुहय्योचं तोंड तापलं, पण पोटात ओला कपडा पिळला गेला नाही. तिनं तुकडा दोन्ही हातांनी उचलला, ओठांना लावला, कपाळाला लावला आणि सावकाश सरळ बाजूनं पुन्हा ताटात ठेवला. “नानाला नाही कोण म्हणतंय? मी माझ्या पोटाचं ऐकते. तुझंही ऐकायला लागलास तर डॉक्टर होशील.” पलीकडं कुणीतरी टेबलावर हात आपटून हसलं. त्या क्षणी तिच्या हाताला पुढं जायची एक नवी वाट सापडली होती. मागं सरकायची गरज नव्हती. पुढं जायचं, मान द्यायचा, आणि तिथंच थांबायचं. पुढच्या आठवड्यात हाडांच्या परीक्षेला तिचं नाव घेतलं गेलं. उभी राहिली तेव्हा गुडघे तिचे स्वतःचे होते. मणके तिनं मानेपासून खालपर्यंत सांगितले, एकही न गाळता, जणू ओतिनची कवनं.

मग सुटी. फरगानाची गाडी डोंगराच्या लांब बोगद्यात शिरली तेव्हा डब्यातले आवाज एकदम जवळ आले, कानांत दडे बसले, काचेत तिचाच चेहरा उभा राहिला. गालांवर थोडं मांस आलं होतं. पण आई बघेल ती ऑगस्टातल्या गालांशी ताडून. खाऊन टाकावा का? एकच तर घास. पोट दोन दिवस बंड करील, कुणाला कळणारही नाही. अंधार संपेना. बोगद्यात माणसाला वाटतं आपण जागच्या जागी आहोत आणि डोंगरच आपल्यावरून चाललाय. एक घास खाल्ला की पुढच्या जेवणाला दुसरा येणार, मग ओयी म्हणणार, बघ, काही झालं का, मग पुन्हा मोटारीच्या चालकाची हाक. तिला आठवलं, तोल्किन आका लष्करात होता तेव्हा त्याचाही नान त्याच खिळ्याला होता. ती लहान होती, स्टुलावर चढून मुंग्या झाडायची. एकदा आका रजेवर आला होता. त्यानं गमतीनं नानाला हात लावला आणि ओयीनं त्याच्या हातावर चापट मारली होती. त्या चापटीचा आवाज तिला बोगद्याच्या मध्यावर ऐकू आला. स्वच्छ. आणि गाडी उजेडात बाहेर पडली, बर्फावरचं ऊन डोळ्यांत घुसलं, आणि मुहय्यो डोळे न मिटता ते बघत राहिली.

स्टेशनावर तोल्किन आकानं पिशवी घेतली. तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. तो मायाळू होता, म्हणूनच त्याचं बोलणं कठीण. “काय करून घेतलंस हे? शहरानं खाल्लं तुला. ओयी रोज रडते. पुरे झालं ते कॉलेज. घरी राहा, धडधाकट हो. तुझी कागदपत्रं मी जाऊन आणीन.” ती म्हणाली, “आका, आधी घरी तर जाऊ.” वाटेभर ती खिडकीबाहेरची पानं झडलेली तुतीची झाडं बघत राहिली, प्रत्येक झाड छाटलेलं, मुठी वळलेल्या हातासारखं.

दस्तरखान मांडलं होतं. सुकी जर्दाळू, अक्रोड, पलावाची परात. ओयीनं तिला मिठीत घेतलं ती पाठीवरची हाडं चाचपत. हाफिझा ओतिन मानाच्या जागी बसली होती. ओयी खोलीच्या कडेला गेली आणि खिळ्यावरून नान उतरवला. तो आता लाकडासारखा वाजत होता, पण त्यावर धुळीचा कण नव्हता. ओयीनं तो मुहय्योच्या हातांत ठेवला, जवळ चहाचा वाडगा ठेवला. “भिजवून एक घास खा, माझ्या सोन्या. खाल्लास की आलीस. मग सगळं नीट होईल. मग कुठं जायचं नाही.” मुहय्योनं ती चावलेली कड पाहिली. तिचेच दात, पण केवढा घास! भरल्या गालांच्या, कशालाही न भ्यालेल्या मुलीनं घेतलेला. तिला त्या मुलीचा क्षणभर हेवा वाटला. मग जाणवलं की आपण आज जे करणार आहोत ते त्या मुलीला जमलं नसतं. समोर ओयीचे डोळे. त्या डोळ्यांना नाही म्हणण्यापेक्षा विष पिणं सोपं होतं, अगदी खरंच सोपं होतं. तिनं नान ओठांना लावला. कपाळाला लावला. आणि ओयीपुढं परत धरला.

“ओयी, मी अजून आले नाही.”

“मग ही समोर कोण बसलीय?” तोल्किन आका हसला.

“मी रजेवर आहे, आका. तू आला होतास तशी. तुझा नान तेव्हा उतरवला होता का? तू हात लावलास तर चापट खाल्ली होतीस.” आका हसायचा थांबला. त्याचा हात नकळत दुसऱ्या हाताच्या पाठीवर गेला. “माझं शिक्षण व्हायचंय. तोवर मी वाटेवर आहे. वाटेवरच्या माणसाचा नान खाली काढू नका.”

“आणि शिकून झाल्यावर खाशील?” ओयीनं विचारलं. आवाज अगदी बारीक.

इथं खोटं बोलता आलं असतं. मुहय्योनं श्वास घेतला. “नाही, ओयी. तेव्हाही नाही. गहू मला सोसत नाही, कधीच सोसणार नाही. मी घाबरट नाही, मला नजर लागली नाही. आजार गव्हाचाच होता. तेव्हा आपण हा कुस्करून पाखरांना घालू, आणि तू मला मक्याची भाकरी भाजून दे.”

ओयी बघत राहिली. मग हळूहळू तिच्या चेहऱ्यावर ते उतरत गेलं. मुहय्योनं ते येताना पाहिलं आणि तिला थांबवता आलं नाही. “मग मी पाठवत होते ते…”

“ते मी सगळे खाल्ले, ओयी,” मुहय्यो म्हणाली. “एकही टाकला नाही.”

पलावाची वाफ विरत होती. ओयी नान मांडीवर घेऊन बसली, त्याच्या कडेवरून अंगठा फिरवत, जसा झोपलेल्या पोराच्या कपाळावरून फिरवतात. तेव्हा हाफिझा ओतिननं डोळे मिटले आणि तोच चिरलेला, जाडसर आवाज खोलीत उठला. ऑगस्टातलीच दुवा, प्रवाशाची. वाट सरळ होवो, छाया मिळो, अन्न सोसो. “अन्न सोसो” या ओळीवर ती थांबली, पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली. सगळ्यांनी ओंजळी उघडल्या. मुहय्योनंही उघडली. देवाशी तिचं भांडण मिटलं नव्हतं, पण ती दाराशी उभी होती.

दुवा संपली. तोंडावरून हात फिरवून ओयी उठली. भिंतीपाशी गेली, नान लावला, आणि बोटानं खिळा हलवून पाहिला.

“हा सैल झालाय,” ती भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली. “इतकी वर्षं टिकायचा नाही. तोल्किन, हातोडी आण.”

आका क्षणभर बसून राहिला. मग उठला.

चहा निवला ना तुमचा? असू दे, दुसरा ओततो. मुहय्योसाठी तुम्ही काही करायला नको. तिचे पाय तिच्या वाटेवर आहेत. पण उद्या सकाळी पहिला घास मोडाल तेव्हा त्या आईची आठवण ठेवा, जिनं प्रेमानं चुकीचं वाढलं, आणि कळल्यावर रडत न बसता खिळा घट्ट केला.